गुहेतल्या अस्वलांना शाकाहाराने मारले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या नामशेष गुहा-अस्वलांवर एक छोटी चौकट आली होती. आत मजकूर जेमतेम, पण मथळा ठसठशीत : 'शाकाहारामुळे अस्वले संपली'. दुपारपर्यंत त्या मथळ्याचा फोटो आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागला. एका बाजूचे म्हणाले, बघा, मटण सोडले की काय होते. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, आमचा आहार बदनाम करण्याचा हा डाव आहे. चौकटीतला मजकूर दोघांपैकी कुणी वाचला असेल असे दिसले नाही. वाद आहाराचा असेल तर तो खुशाल घालावा, पण त्यात या मुक्या प्राण्याची साक्ष काढायची तर ती खरी असावी, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

मी व्यवसायाने पशुवैद्यक. पशुधन विकास अधिकारी म्हणून माझी बरीच नोकरी बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत झाली. रोजचे काम गाई-म्हशींचे. पण जंगलात किंवा रस्त्यावर अस्वल मेले की वनरक्षकाचा निरोप यायचा आणि शवविच्छेदनाला जावे लागायचे. अस्वलाचा जबडा उघडून पाहण्याची संधी त्यामुळे मिळाली आणि पुढे अस्वलांबद्दल जे हाती लागेल ते वाचण्याची सवयच जडली. आपल्या अस्वलाला वरच्या जबड्यात पटाशीचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. जबड्याची ही घडण पाहिली की प्राणी काय खातो हे निम्मे कळते. युरोपातल्या गुहा-अस्वलाची ओळखही आधी दातांवरूनच पटत गेली.

या अस्वलाला शास्त्रीय नाव मिळाले १७९४ साली. योहान ख्रिस्टियान रोझेनम्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने बव्हेरियातल्या एका गुहेतली कवटी तपासून ते दिले. नर चारशे-पाचशे किलोंचा, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. कपाळ उंच, फुगीर. सुळे मोठे, पण सुळ्यांमागच्या पुढच्या उपदाढा गळून गेलेल्या, आणि मागच्या दाढा लांब, रुंद, उंचवट्यांनी भरलेल्या. मांस कापायला दाढेला धार लागते. ही दाढ चावायला आणि भरडायला केलेली आहे. म्हणून हा प्राणी बहुतांशी झाडपाला खाणारा असावा असा अंदाज जुना आहे. तरी शंका उरायचीच, कारण दात पिढ्यान्‌पिढ्यांची घडण सांगतात. एखाद्या अस्वलाने प्रत्यक्षात काय खाल्ले ते कळायला हाडच हवे.

ते हाडातून कसे कळते, हे आपल्या चौकटीत यायला हवे होते. हाड म्हणजे चुना आणि स्फुरद यांचा दगडी भाग, आणि त्यात गुंफलेले कोलॅजेन नावाचे प्रथिन. थंड गुहेत हे प्रथिन तीस-चाळीस हजार वर्षेसुद्धा टिकते. प्रथिनात नत्र असतो आणि निसर्गात नत्र दोन प्रकारचा : नेहमीचा हलका आणि अगदी थोडा जड. शरीर हलका नत्र लघवीवाटे जास्त टाकते, जड मागे राहतो. त्यामुळे गवतापेक्षा हरणात जड नत्राचे प्रमाण जास्त आणि हरणापेक्षा लांडग्यात त्याहून जास्त. प्रत्येक पायरीला हजारात तीन ते पाच एवढी वाढ. त्या काळातल्या युरोपातल्या घोड्यांची, हरणांची, लांडग्यांची, तरसांची हाडे अशी मोजली गेली आणि त्यांच्या शेजारी गुहा-अस्वलांची. जर्मनीतल्या टुबिंगेन विद्यापीठातले एर्व्हे बोशेरां यांनी यात आयुष्य घातले आहे. बहुतेक ठिकाणी गुहा-अस्वलाचा आकडा घोड्या-हरणांच्या रांगेत बसतो, काही ठिकाणी त्यांच्याही खाली. त्याच काळच्या तपकिरी अस्वलांच्या हाडांत मात्र जड नत्र बराच जास्त. दोन्ही अस्वले त्याच मुलखात राहत होती, पण त्यांचे खाणे वेगळे होते.

इथे पशुवैद्यकाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. पिल्लाचे हाड घेतले तर हिशेब फसतो. अंगावर पिणारे पिल्लू आईच्या दुधावर, म्हणजे एका अर्थाने आईच्या शरीरावरच वाढत असते. त्यामुळे त्याचा आकडा आईपेक्षा एक पायरी वर जातो, जणू ते मांसाहारीच आहे. लहानपणी घडलेल्या दातांचेही तेच. म्हणून आहार ठरवायला वाढ पूर्ण झालेल्या जनावराचे हाड लागते. कोणते हाड, कोणत्या वयाचे, हे न सांगता 'हाडांवरून सिद्ध झाले' असे कुणी लिहिले तर विश्वास ठेवू नये.

रुमेनियातल्या पेश्तेरा कू ओआसे या गुहेने मात्र सगळ्यांना कोड्यात टाकले. युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक माणसाचा जबडा सापडला ती हीच गुहा. तिथल्या काही अस्वलांच्या हाडांत जड नत्र भरपूर निघाला आणि २००८ साली मांडणी झाली की ही अस्वले मांस किंवा मासेही खात असावीत. त्यावर वाद झाला. शीतनिद्रेत अस्वल महिनोन्‌महिने लघवी करत नाही, युरियातला नत्र पुन्हा शरीराच्या प्रथिनासाठी वापरते, मग त्यानेच आकडा चढला असेल का? की तिथल्या मातीतच, म्हणजे तिथल्या गवतातच, जड नत्र जास्त होता? नुसता हाडाचा एकूण आकडा घेऊन हे सुटत नव्हते.

ते सोडवले युइची नाइतो या जपानी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्यातल्या ग्लुटामिक आम्लातला जड नत्र प्रत्येक पायरीला खूप वाढतो, फिनाइलअ‍ॅलनिनमधला जवळपास जसाच्या तसा राहतो. म्हणजे सातबाऱ्यावर मूळ मालक आणि पुढचे फेरफार एकाच कागदावर सापडावेत, तशी गवताची मूळ पातळी आणि खाणाऱ्याने चढलेली पायरी एकाच हाडात वाचता येते. या रीतीने २०१६ साली बेल्जियममधल्या गोये गुहेतली अस्वले तपासली, ती पूर्णपणे वनस्पतींवर जगणारी निघाली. २०२० साली रुमेनियातली, जिथे शंका होती तीच अस्वले तपासली. तीही मुख्यतः झाडपाल्यावरच. बारा वर्षांपूर्वीच्या दाव्याला उत्तर मिळाले ते त्याच प्रदेशातल्या हाडांतून.

एवढ्यावरून 'शाकाहारी होते' हे म्हणता येते. 'शाकाहारामुळे संपली' हे म्हणता येत नाही. पांडा बांबू खातो आणि आजही आहे. गुहा-अस्वलानेही अनेक थंड कालखंड त्याच पाल्यावर काढले.

त्याची खरी अडचण हिवाळ्यात होती. गवत, कोवळे देठ, कंद, बेरीसारखी फळे ही सगळी चराई युरोपात उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत. पाचशे किलोंच्या नराने आणि गाभण मादीने वर्षभराची चरबी तेवढ्यात अंगावर चढवायची. मग गुहेत शिरायचे आणि वसंतापर्यंत काही खायचे नाही, प्यायचे नाही. मादी तर त्या उपाशी अवस्थेतच विते आणि चरबीवर पिल्लांना पाजते. शेवटच्या महिन्यात भाकड सोडलेल्या म्हशीची तब्येत कशी सांभाळावी लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा हिशेब किती तंग असेल ते कळेल. उन्हाळा दोन आठवड्यांनी आखडला की सर्वांत आधी मार बसणार पिल्लांना, वर्षाच्या बछड्यांना आणि दात झिजलेल्या म्हाताऱ्यांना. गुहांतले ढीग नेमके यांच्याच हाडांचे आहेत. ही अस्वले शिकार होऊन तिथे आणलेली नव्हती. बहुतेक झोपेतच मेलेली होती.

ढीग म्हणजे किती, तेही सांगतो. ऑस्ट्रियात मिक्सनिट्झजवळ ड्राखेनहोले, म्हणजे ड्रॅगनची गुहा, आहे. तिथल्या जमिनीत हाडे आणि विष्ठा कुजून इतका स्फुरद साठला होता की पहिल्या महायुद्धानंतर, १९२० ते १९२३ या काळात, तो खणून खत म्हणून शेतात टाकला गेला. त्या मातीत तीसएक हजार अस्वलांचे अवशेष असावेत असा तेव्हाचा अंदाज. हजारो वर्षे, दर हिवाळ्यात थोडी थोडी मेलेली. युरोपातल्या कित्येक गुहांच्या भिंती अस्वलांच्या अंगाने घासून घासून गुळगुळीत झाल्या आहेत. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत त्यांनी झोपायला उकरलेले खड्डे आणि भिंतींवरचे नखांचे ओरखडे आजही आहेत, आणि त्याच गुहेत माणसाने एक अस्वलाची कवटी दगडावर नीट मांडून ठेवलेली आहे.

कवटीचा विषय निघालाच आहे तर तिचेही ऐकावे. २०२० साली स्पेनच्या मालागा विद्यापीठातल्या आलेहान्द्रो पेरेझ-रामोस यांच्या गटाने गुहा-अस्वलांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन करून संगणकावर त्यांना चावायला लावले. कपाळ फुगीर का, तर आत हवेचे सायनस फार मोठे झालेले. लांब शीतनिद्रेला ते उपयोगी पडत असावेत असे त्यांचे म्हणणे. पण त्यामुळे पुढच्या दातांनी किंवा सुळ्यांनी जोर लावला की कवटीवर ताण जास्त येतो. मागच्या दाढांनी चावले तर येत नाही. म्हणजे जी घडण हिवाळा काढायला मदत करत होती तिनेच मांस फाडणे, मोठे हाड फोडणे असे दुसरे मार्ग अवघड करून टाकले. तपकिरी अस्वल पाला मिळाला तर पाला, मासा मिळाला तर मासा, मेलेले जनावर मिळाले तर तेही खाते. गुहा-अस्वलाला एवढी मुभा नव्हती.

आता माणसाकडे येऊ. 'हिमयुगाने मारले' म्हणणारे आणि 'माणसाने मारले' म्हणणारे असे दोन तट आहेत. जर्मनीत श्वेबियन डोंगराळ भागात होले फेल्स गुहेत गुहा-अस्वलाच्या पाठीचा मणका मिळाला, त्यात गारगोटीच्या हत्याराचे टोक अडकलेले. कातडी सोलल्याच्या, मांस काढल्याच्या खुणा असलेली हाडेही तिथल्या गुहांत आहेत. झोपलेले, चरबीने भरलेले अस्वल, आणि मादी असेल तर सोबत पिल्ले : भाला घेतलेल्या माणसांना याहून सोपी शिकार नाही.

पण शिकारीइतकीच, मला तर वाटते शिकारीहून जास्त, महत्त्वाची गोष्ट घराची आहे. उत्तर स्पेनमधल्या जवळजवळच्या गुहांतल्या हाडांचा डीएनए २०१६ साली तपासला गेला. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पाहिला तर जवळपास प्रत्येक गुहेचा मातृवंश वेगळा. शेजारची गुहा चालत जाण्याजोगी, तरी अस्वले पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जन्मगुहेत परत येत होती. त्याच भागातल्या तपकिरी अस्वलांचे तसे नाही, ती कुठेही झोपत. आता कल्पना करा की त्या गुहेत माणसांनी बिऱ्हाड थाटले. तपकिरी अस्वल झाडाच्या मुळाशी, दगडाच्या आडोशाला झोपेल. गुहा-अस्वल आपली गुहा सोडून कुठे जाणार? गाभण मादीला हिवाळ्याच्या तोंडावर जागा मिळाली नाही की त्या वर्षीची पिल्ले गेली.

कधी संपली, याचाही उलगडा हाडांतूनच होतो. शेवटची गुहा-अस्वले साधारण २५ हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे हिमयुगाचा कडाका वाढत होता तेव्हाची. एवढेच पाहिले तर दोष थंडीचा. पण २०१० साली डीएनएवरून दिसले की संख्या त्याच्या बरीच आधी, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपासून घटू लागली होती. २०१९ साली युरोपभरच्या हाडांतून ५९ नवे मायटोकॉन्ड्रिया-जनुकसंच वाचले गेले. त्यांत घसरणीची सुरुवात ४० हजार वर्षांच्या आसपास दिसते, आणि आधुनिक माणूस युरोपात पसरू लागला तो काळ हाच. त्याआधीच्या थंडीच्या लाटांत संख्या टिकून होती. आकड्यांत दहा हजार वर्षांचा फरक आहे आणि तो राहू द्यावा. दोन्ही अभ्यास सांगतात ते एकच : शेवटचा कडाका यायच्या फार आधी हे जनावर खंगायला लागले होते. माझे मत विचाराल तर आधी माणसाने त्याच्या गुहा घेतल्या, त्यांच्या वस्त्या विखरून छोट्या छोट्या झाल्या, आणि मग उन्हाळे आखडले तेव्हा सावरायला मागे कुणी उरले नव्हते. यात पाला खाण्याचा दोष एवढाच की त्याला दुसरा पर्याय नव्हता.

ते अगदीच पुसले गेले असेही नाही. २०१८ साली कळले की आजच्या तपकिरी अस्वलांच्या जनुकांत साधारण एक ते अडीच टक्के भाग गुहा-अस्वलांकडून आलेला आहे. कधी तरी त्यांचा संकर झाला होता.

मथळ्यांची घाई फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २०२० साली सायबेरियाच्या उत्तरेकडच्या एका बेटावर बर्फात गोठलेले, नाकासकट शाबूत अस्वल मिळाले आणि जगभर छापून आले की अखंड गुहा-अस्वल सापडले. तपासणीअंती ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे साधे तपकिरी अस्वल ठरले. त्याच्या पोटात पक्ष्यांची पिसे आणि वनस्पती दोन्ही निघाले. ती दुरुस्ती मात्र फार थोड्यांनी छापली.

आता आमच्याकडचे. आमचे अस्वल वाळवी, मुंग्या, मध खाते. मोहाची फुले, बोरे, जांभळे, बहाव्याच्या शेंगा खाते. ते शीतनिद्रा घेत नाही, गुहा-अस्वलाशी त्याचे नाते दूरचे, आणि तिथले निष्कर्ष उचलून इथे चिकटवू नयेत. पण त्यालाही दिवसा पडून राहायला, व्यायला गुहा-कपारी लागतात. मोहाच्या दिवसांत माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात आणि मग हल्ल्याच्या बातम्या येतात. त्याचा आहार गेल्या तीस-चाळीस वर्षांत बदलला का, शेतातले पीक त्यात किती आले, हे विष्ठा तपासून काही प्रमाणात कळते, पण विष्ठा सांगते ते कालपरवाचे. हाड सांगते वर्षांचे, केस सांगतो महिन्यांचे. आणि हाड आपण ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातला पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने पंचनामा, शवविच्छेदन झाले की देह जाळून टाकतात. अवयवांची तस्करी होऊ नये म्हणून ते योग्यच आहे. मीही अशा अहवालांवर सह्या केल्या आहेत.

माझी विनंती एवढीच की वन विभागाने परिपत्रक काढून, देह जाळण्यापूर्वी एक दात, बरगडीचा बोटभर तुकडा आणि मुळासकट चिमूटभर केस पंचनाम्यातच नोंद करून काढून ठेवायला सांगावे. वर गाव, तारीख, नर-मादी आणि अंदाजे वय लिहावे. दाताच्या मुळावरच्या थरांवरून अस्वलाचे वय मोजता येते, तेव्हा आमचा अंदाजही तपासला जाईल. नमुने ठेवायला आणि वाचायला डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, हैदराबादला सीसीएमबी ही पेशी आणि जनुकांवर संशोधन करणारी संस्था आहे, प्राण्यांच्या जुन्या हाडांचा अभ्यास करणारे पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. खर्च कागदी पाकिटाचा आणि टपालाचा. शवविच्छेदनाला गेलेल्या पशुवैद्यकाचा त्यात पाव तासही जाणार नाही.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकारात दुरुस्ती छापावी. मथळ्यात कारण घालण्याचा मोह टाळून 'गुहा-अस्वले कशी संपली : हाडांची साक्ष' एवढे लिहिले तरी पुरे.

कळावे,
आपला वाचक,
एक सेवानिवृत्त पशुधन विकास अधिकारी,
मोताळा, जि. बुलढाणा